हाक कुणी दिली?

मी मागावर ताणलेला अर्धा गालिचा बोलतोय, काशानच्या एका कारखान्यातून. बोलण्यात चुका झाल्या, शब्द फार साधे वाटले, तर पोटात घाला. मला रंगांपुरतंच शिकवलंय, आणि तेही अर्ध्यावर राहिलंय.

मी मेंढीच्या लोकरीतून आलो, निळीत आणि डाळिंबाच्या सालीत भिजलो. पण मला आकार दिला तो एका आवाजाने. तूरानखानम नक्षीचा कागद धरून समोर बसते आणि गाणं म्हटल्यासारखी रंग पुकारते, "दोन निळ्या, मधे एक पांढरी." माझ्या डाव्या टोकाला मोहतरम, उजव्या टोकाला तूबा. दोघी गाठी मारतात आणि त्याच सुरात म्हणतात, "बसल्या." दोघींना हाक एकच, म्हणून माझ्या दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या.

विणणारीचे हात दुखतात, पुकारणारीचं डोकं. कागदावरचा एक चौकोन बोलायचा, पुढचा धरून ठेवायचा, मागचा सोडून द्यायचा. म्हणून दुपारी चहाच्या पाण्याचा समोवार खळखळला की सगळं थांबायचं. खडीसाखर दाताखाली धरून तिघी चहा प्यायच्या, कुणी बोलायचं नाही.

नवरोजचा सण जवळ आला, कामाची घाई झाली, तशी मालक हाजी सफदरने ही सुट्टी बंद केली. बसून बोलायचं तर काम, त्यात दमायचं काय, असं त्याचं म्हणणं.

"मग एक दिवस तुम्हीच बोला, हाजीआगा," तूबा म्हणाली. "दुपारपर्यंत स्वतःच्या आईचं नाव विसराल."

तो हसला. चहा मात्र आला नाही.

पुढे तूरानखानम जेवताना नान मागायच्या ऐवजी रंग मागू लागली. नवऱ्याने दारातून हाक मारली तर "बसल्या" म्हणाली. मोहतरम हसली.

एका दुपारी ती थांबली. कागद मांडीवर पडल्याचा आवाज झाला. मी पुढच्या रंगाची वाट पाहिली. आवाज आला नाही.

तरी मोहतरम म्हणाली, "बसल्या." तूबाही म्हणाली. त्यांचे हात चालूच राहिले.

संध्याकाळी हाजी सफदर मागे सरकून उभा राहिला आणि त्याची जपमाळ थांबली. नक्षीतल्या सुरूच्या दोन झाडांच्या जागी दोन डोळे होते, काळ्या बाहुल्यांचे, गाठीला गाठ सारखे. विणणाऱ्या दमल्या असत्या तर प्रत्येकीची चूक वेगळी झाली असती. चूक सारखी, म्हणजे हाक दिली गेली होती.

"मी नाही बोलले," तूरानखानम म्हणाली.

"आम्ही ऐकलं, बाई," मोहतरम हळू म्हणाली. "तुझाच आवाज."

हाजीने निकाल दिला: उद्या डोळे उसवून झाडं भरायची, नाहीतर तूरानखानमने घरी बसायचं. तिचं घर त्या आवाजावर चालतं.

त्या दुपारी कोण बोललं, मला खरंच ठाऊक नाही. एवढंच ठाऊक आहे की तोवर मी नुसता ऐकत होतो, आणि आता मला दिसत होतं. पहिल्यांदा दिसला तो तिचा चेहरा, डोळे उघडे, ओठ मिटलेले. त्या चेहऱ्यात कुणीच नव्हतं, रिकामा मागच जणू.

माणसांनो, डोळे गेले म्हणून मी रडणार नाही. पण ज्याला डोक्याने ओझं वाहावं लागतं, त्याला मधे ते उतरवू द्या. नाहीतर रिकाम्या जागेत कुणीतरी येऊन बसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुई घेऊन आली. हाजी पाठीशी उभा. तिने डावा डोळा उसवला, मग उजवा. उसवलेले काळे धागे ती ओठांत घट्ट धरत होती. दोन्ही डोळे जाऊन मला अंधार झाला तेव्हा मी एवढंच केलं. तिच्याच आवाजात पुकारलं, "हात थांबवा. चहा."

"बसल्या," दोघी म्हणाल्या आणि उठल्या.

हाजीचे जोडे वाजत तूरानखानमपाशी आले आणि थांबले. तिच्या ओठांत अजून धागे असणार, हाक तिची नव्हती हे त्याला दिसलं असणार. जोडे वळले. मग समोवारमध्ये पाणी ओतल्याचा आवाज आला.