आकाइती मावशी स्कूटर बघायला जाते

आकाइती मावशीनं आधीची स्कूटर रंग बघून घेतली होती. निळा रंग, त्यावर पांढरी फुलं. महिन्याभरात तिचा सायलेन्सर चर्चच्या दारात गळून पडला, तोही आत प्रार्थना चालू असताना. त्यानंतर मावशी घरातून निघाली की अर्ध्या रारोटोंगा बेटाला कळायचं.

"या वेळी नीट पारखून घेणार," ती मला म्हणाली. मी तिची भाची. माझी स्वतःची स्कूटर धड चालते, एवढ्यावर मावशी मला जाणकार समजते.

निकाओ गावचा तेआवा बायकोला घेऊन शुक्रवारच्या विमानानं ऑकलंडला कायमचा चालला होता, म्हणून त्याची स्कूटर विकायची होती. मावशीला तिथंच पहिली शंका आली.

"परदेशी जाणारा माणूस बिनधास्त खोटं बोलतो," ती वाटेत म्हणाली. "शनिवारी बाजारात आपल्याला तोंड दाखवायचं नसतं ना त्याला."

आम्ही पोचलो तेव्हा स्कूटर अंगणात आंब्याखाली उभी होती. धुतलेली, पुसलेली, सीटला खोबरेल तेल चोळलेलं, एकुलत्या एक आरशात चाफ्याचं फूल खोचलेलं. शेजारी तेआवा उभा. आडवातिडवा गडी, चेहरा लहान मुलासारखा.

"या मावशी, बघा. एकाच हातची गाडी आहे. किलोमीटरचा काटा बघा, किती कमी चाललीय."

"काटा हलतो का?"

"पूर्वी हलायचा."

मावशीनं पिशवीतून फ्रिजवरचं लोहचुंबक काढलं. माशाच्या आकाराचं होतं. पायाखालच्या पत्र्यावर ठेवलं तर मासा चिकटला. थोडं पुढं सरकवलं तर टपकन खाली पडला.

"इथं पत्रा नाही, भोक बुजवायला लांबी भरलीय."

"थोडीशी भरलीय, मावशी. समुद्राची हवा."

मग मावशीनं इंजिनाला हात लावला आणि झटकन मागं घेतला.

"सकाळी कुठं जाऊन आलास?"

"कुठंच नाही."

"मग हिला ताप आलाय का?"

तेआवा हसला. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची बायको मेरेआना म्हणाली, "पहाटेपासून किका मारतोय. सगळी आळी उठवली."

"तू बॅगा भर," तेआवा म्हणाला.

"गार होऊ दे," मावशी म्हणाली आणि ओट्यावर बसली. "गरम इंजिन कुणाचंही सुरू होतं. आम्हाला घाई नाही."

आम्ही शहाळं प्यायलो. मेरेआनानं डोनट आणून दिले, ते खाल्ले. तेआवाला मात्र बसवत नव्हतं. दिवा लागतो का दाखवतो म्हणून तो उठला. दिवा दिवसा काय बघायचा, म्हणत मावशीनं त्याला बसवलं. हॉर्न वाजवून दाखवतो म्हणाला. तो तोंडानं वाजवून दाखव, म्हणाली. शेवटी इंजिनावर तळहात टेकवता आला तेव्हा मावशी उठली, झगा सावरला आणि स्वतःच किक मारली. काही नाही. दुसरी मारली. स्कूटर खोकली, थुंकली आणि सुरू झाली. आमच्यापेक्षा तेआवाच जास्त चकित झालेला दिसला.

"बघितलंत?" तो म्हणाला. "आता पैशांचं..."

"आता चढ बघू. दवाखान्याचा."

तेआवाचा चेहरा उतरला. "चढ कशाला, मावशी? सगळं बेट फिरून या, कसा सपाट रस्ता आहे."

"माझ्या बहिणीला दवाखान्यात न्यावं लागतं. बस मागं. आमची कोपू साधारण तुझ्याएवढीच आहे."

खिडकीत मेरेआना हसली. कोपूमावशी तिथं नव्हती हे बरं झालं.

मावशी पुढं, टोपीची नाडी हनुवटीखाली बांधून. मागं तेआवा. त्यांच्या मागं मी माझ्या स्कूटरवर. सपाटीवर सगळं ठीक चाललं होतं. चढ लागला तसा इंजिनाचा आवाज जाड झाला, मग बारीक झाला, मग रडका झाला. पण स्कूटर थांबली नाही. मला आश्चर्य वाटलं, म्हणून मी जरा जवळ गेले आणि बघते तर तेआवानं दोन्ही पाय खाली सोडले होते. होडी वल्हवावी तसा तो रस्ता मागं ढकलत होता. झाडाआडून कुणी बघितलं की पाय वर घ्यायचा, पुन्हा खाली सोडायचा.

"ओढते रे चांगली," मावशी खूश होऊन म्हणाली.

"हो... मावशी."

"तू का धापा टाकतोस? चढतेय ती."

"उन्हानं."

 मावशीनं हात लांब करून आरसा खाली वळवला, फूल काढून टाकलं आणि नीट बघितलं.

"तेआवा, पाय वर घे."

त्यानं घेतले. स्कूटर आणखी वावभर गेली आणि जागच्या जागी थरथरत उभी राहिली.

"कळला चढ," मावशी म्हणाली. "आता उतार."

"उताराचं काय बघायचं, मावशी? उतारावर सगळ्याच गाड्या चालतात."

"चालतात. थांबतात का ते बघायचंय."

"मग जरा थांबा, मी पुढं बसतो..."

पण मावशीनं स्कूटर वळवली होती. तेआवा उडी मारून मागं बसला. मी जाणकार, मी तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण मला वाटलं, दवाखाना जवळच आहे.

पहिल्या वळणाला मावशीनं ब्रेक दाबला. तो आरामात मुठीला जाऊन टेकला. वेग कमी झाला नाही. मावशीनं पायाचाही दाबला. तिथंही तेच. मग तेआवानं दोन्ही पाय रस्त्यावर घासायला सुरुवात केली. एक चप्पल उडून माझ्या अंगावरून गेली. खाली मोठा रस्ता आणि त्यावरून येणारी बस मला दिसत होती. तेआवाला मागच्या मागं उतरून जाणं सहज जमलं असतं. तो उतरला नाही. त्यानं मावशीच्या दोन्ही बाजूंनी हात पुढं घातले, हँडल धरलं आणि स्कूटर डावीकडे अळवाच्या वाफ्यात घातली.

मी पोचले तेव्हा दोघं कमरेपर्यंत चिखलात बसलेली. मावशीच्या टोपीवर अळवाचं अख्खं पान. स्कूटर मात्र चिखलात सरळ उभी होती आणि तिचं इंजिन टुकटुक चाललेलं. 

"बंद नाही पडली," मावशी म्हणाली.

"इंजिन चांगलंच आहे, मावशी," तेआवा खाली मान घालून म्हणाला. "ब्रेक गेलेत. मी पायानंच थांबवतो."

"आणि चढावर?"

"मेरेआना उतरून चालत येते."

मावशीनं तोंडावरचा चिखल पुसला. "तू उतरला का नाहीस?"

त्याला प्रश्न समजला नाही. "तुम्ही पुढं होतात ना."

मावशीनं हात पुढं केला. त्यानं ओढून तिला उभं केलं. उभं राहता राहता ती हसू लागली आणि पुन्हा खाली बसली.

"ब्रेक नवे बसव," ती म्हणाली. "मग घेते. आणि अळू मोडलं त्याच्या मालकाला तूच जाऊन सांग."

पुढचे काही दिवस तेआवा ब्रेक बसवत स्कूटरखाली आडवा होता. बॅगा मेरेआनानं एकटीनं भरल्या आणि हे रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला तिनं सांगितलं. विमानाच्या आदल्या दिवशी आम्ही गाडी आणायला गेलो तेव्हा तेआवाच्या अंगात खरेपणा असा संचारला होता, की तो थांबेना. पाऊस झाला की गाडी डावीकडे कलती करून किक मारायची. हॉर्न वळताना आपोआप वाजतो. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर दिसला की टाकी रिकामी समजायची. वीस वर्षांपूर्वी ती एकदा तळ्यातही पडली होती.

"पुरे," मावशी म्हणाली. "आणखी काही बोललास तर घेणार नाही."

तिनं पैसे मेरेआनाच्या हातात दिले, किक मारली आणि निघाली. तेआवा तिच्या शेजारून पळत होता, ऑइल कधी बदलायचं ते सांगत. आळीच्या टोकापर्यंत तो पळाला. मागून मेरेआना हाका मारत होती, की मोठी बॅग बंद होत नाहीये, तिच्यावर येऊन बस.