तसं काही नाही, पण...

कपडे अल्टर करून देणाऱ्या काकू कधी कुणाबद्दल वाईट बोलल्या नाहीत, हे सारी गल्ली शपथेवर सांगेल. आणि ते खरंही आहे हो! त्यामुळेच तर सगळा घोटाळा झाला.

त्या सकाळी काकू मशीनवर एका पँटची चेन बदलत बसल्या होत्या, तेवढ्यात संस्थेतली ताई दारात आली. बेघर झालेल्या कुटुंबांना खोली शोधून द्यायची, अनामत भरायची, पहिलं वर्षभर जामीन राहायचं, हे तिच्या संस्थेचं काम.

"तुमची जुनी भाडेकरू, इस्त्रीवाली," ताई म्हणाली, "तिच्यासाठी तिसरी खोली ठरवली होती. तीही हातची गेली."

"मग त्यात मी काय केलं?"

"घरमालक तुम्हाला फोन करतात ना, बाई कशी होती विचारायला? काय सांगता तुम्ही?"

"वाईट एक शब्द बोलले असेन तर जीभ झडेल माझी! भाडं वेळेवर, खोली आरशासारखी, सगळं सांगते. मग विचारतात, तिला काढलंत कशाला? मी म्हणते, तसं काही नाही, पण... तुमचं तुम्ही बघा."

"त्या 'पण'च्या पुढे काय आहे, काकू?"

काकूंनी मान खाली घातली. पुढचं कुणाला सांगावंच लागत नाही. नवरा वारलेली, तिशीतली बाई, पदरात दोन मुली. अशा एकटीला खोली द्यायची म्हटलं की आधीच भल्याभल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यात असा एक 'पण' मिळाला, की उरलेलं ज्याचा तो आपल्या मनाने भरतो. मीही भरलं असतं, तुम्हीही.

"आज घड्याळवाल्यांची खोली बघतोय," ताई म्हणाली. "संध्याकाळी ते तुम्हाला फोन करतील. बसस्टँडवरून आणलं होतं तिला; आता निवाऱ्यातली मुदतही संपत आली. ही खोली गेली तर मुली वसतिगृहात आणि आई तिसरीकडेच. धाकटी अजून आईला चिकटल्याशिवाय झोपत नाही." एवढं बोलून ती चहाला न थांबता गेली.

"अक्का, माझा चहा?" वरच्या खोलीतून काकूंच्या भावाने हाक मारली, आणि काकूंनी मशीन थांबवलं.

दीड वर्षापूर्वी त्या खोलीत इस्त्रीवाली राहायची. भाऊ नोकरी सोडून बहिणीकडे येऊन बसला होता. एका दुपारी काकू जिना चढत होत्या, तर खोलीच्या दारात याने तिचा हात धरलेला. "सोडा, मुली आत आहेत," ती दबक्या आवाजात म्हणत होती. काकूंना पाहून याने हात सोडला. तिनेही काकूंना पाहिलं, आणि तिला वाटलं, सुटले एकदाची! दुसऱ्या दिवशी काकूंनी खोली रिकामी करायला सांगितली. कुणाला? तर तिला! पाठचा भाऊ, आईच्या मागे आपणच वाढवलेला, उद्या त्याला मुलगी कोण देईल, घराची अब्रू जाईल... वा रे अब्रू! बिऱ्हाड खाली उतरलं आणि भाऊ वर राहायला गेला.

काकूंनी फोनची वाट पाहिली नाही. पायात चपला अडकवल्या आणि तडक घड्याळवाल्यांचं दुकान गाठलं. ताई होती, इस्त्रीवाली होती, धाकटी तिला बिलगून उभी होती. काकूंना पाहताच इस्त्रीवालीचा चेहरा पांढरा पडला. ही खोलीही गेली, असंच तिला वाटलं असणार.

"हिची काही चूक नव्हती," काकू म्हणाल्या. "माझ्या भावाने हिचा हात धरला. मी डोळ्यांनी पाहिलं. आणि घराबाहेर हिला काढलं."

घड्याळवाल्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "अहो बाई, हे असं चारचौघांत..."

"हिच्या पाठीमागे बोलताना नाही लाजले मी."

घड्याळवाल्यांनी भिंग खाली ठेवलं. मग इस्त्रीवालीकडे वळून म्हणाले, "उद्या सामान आणा. पाणी सकाळीच येतं, तेवढं भरून ठेवत जा."

काकूंनी धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवायला हात पुढे केला. इस्त्रीवालीने मुलीला दुसऱ्या बाजूला घेतलं. "मला वाटायचं, माझ्याच वागण्यात काही खोट असेल," ती म्हणाली. "रोज आठवून बघायचे, काय चुकलं."

काकूंनी पुढे केलेला हात मागे घेतला. घरी परतताना काकू ताईला म्हणाल्या, "ती खोली मी रिकामी करते. तुमच्या दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"आधी रिकामी तर करा," ताई म्हणाली. "मग बोलू."

वरच्या खोलीत भाऊ गादीवर लोळत मोबाइल बघत होता.

"उठ," काकू म्हणाल्या. "सामान बांध. आजपासून इथे राहायचं नाही."

"चेष्टा करतेस काय?"

"नाही."

तो ओरडला, रुसला, आईचं नाव घेऊन रडलासुद्धा. काकू हलल्या नाहीत. शेवटी आदळआपट करत त्याने बॅग काढली.

काकू दाराला टेकून पाहत राहिल्या. त्यांना वाटलं होतं, आकाश कोसळेल, जीभ रेटणार नाही. तसलं काहीच झालं नाही. किती सोपं होतं हे! एवढंच जर त्या दुपारी बोलल्या असत्या, तर एक आई दोन मुलींना कुशीत घेऊन बसस्टँडच्या बाकावर झोपली नसती.