सतरा पॉइंटांचा नवरदेव

गजेंद्र पाटीलला स्वतःबद्दल एकही गैरसमज नव्हता, असं त्याचं स्वतःचं मत होतं. सुरतेत बास्केटबॉल खेळणारे जेमतेम शंभर लोक असतील, त्यांत आपण पहिले, एवढं साधं सत्य तो मान्य करायचा. पांडेसऱ्याच्या कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलच्या शेठला सत्त्याण्णव साली टीम बांधायचा झटका आला, तेव्हा फोल्डिंग खात्यातून उचललेला पहिला माणूस गजेंद्रच. पगार खेळायचा, कापडाला हात नाही लावायचा. त्याच्या लिंबायतच्या गल्लीत ही गोष्ट कुणाला खरी वाटत नव्हती, आणि गजेंद्रलाही अधूनमधून वाटत नव्हती.

खेळ तो शिकला होता केबलवर. रात्री अर्ध्या तासाचा एक कार्यक्रम लागायचा, त्यात अमेरिकेतल्या सामन्यांतले निवडक गोल दाखवायचे. उडी, गोल, टाळ्या. पुन्हा उडी, पुन्हा गोल. दोन वर्षं गजेंद्रने तो निष्ठेने पाहिला आणि त्याची अशी ठाम समजूत झाली की या खेळात कुणी कुणाला अडवत नाही. अडवलेलं त्या कार्यक्रमात दाखवतच नसत, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? त्यामुळे समोरच्याकडे बॉल आला की गजेंद्र कमरेवर हात ठेवून सौजन्याने उभा राहायचा. त्याचा टाकून होऊ दे, मग आपली पाळी. टीम हरायची, गजेंद्रचे तीस पॉइंट व्हायचे आणि तो घरी शीळ घालत यायचा.

ही शीळ घालवली रामदास सरांनी. सर मूळचे अकोल्याचे, लष्करातून निवृत्त झालेले, बोलायला फटकळ. त्यांच्या हातात टीम आली आणि महिन्याभरात ती जिंकायला लागली, कारण सर गोल टाकायचं शिकवतच नव्हते. सकाळी दीड तास नुसतं पाय घासत आडवं पळायचं, हात पसरून, गुडघे वाकवून. गजेंद्रच्या मांड्या अशा भरून यायच्या की घरी पाटावर बसताना तो आईला हाक मारायचा. "बॉल नको पाहू, समोरच्याची कंबर पाह्य," सर ओरडायचे. "तो हातानं फसवन, डोयानं फसवन, कमरेनं नाही फसवत." टीम फायनलला पोचली. गजेंद्रचे तीसचे बारा झाले, बाराचे आठ. लोक म्हणाले, गजेंद्र उतरला. त्यालाही तसंच वाटत होतं, फक्त तो ते सरांचा दोष मानत होता.

अशात त्याचं लग्न जमवायचं निघालं. याआधी दोन ठिकाणांहून नकार आला होता. एका सासऱ्याने तर तोंडावर विचारलं होतं, "चेंडू खेळतो ते ठीक, पण काम काय करतो?" तेव्हा त्याचे मामा दत्तू कंबर कसून उभे राहिले. दत्तूमामा साड्यांना टिकल्या लावायचं काम घरोघर वाटायचे आणि त्याबरोबर बातम्याही वाटायचे. त्यांनी शिरपूरकडच्या उखाआप्पांना सांगितलं की भाचा दर सामन्यात तीस टाकतो, मोजून तीस. आप्पांची मुलगी चंचल बारावी पास होती, गावात बालवाडी चालवायची. आप्पा तिला घेऊन लिंबायतला बहिणीकडे आले. पाहण्याचा कार्यक्रम रविवारी दुपारी गजेंद्रच्याच घरी ठरला. आता मामांनी दुपारपर्यंत गप्प बसावं की नाही? पण त्या दिवशी सकाळी फायनल होती, आणि मामांनी पाहुण्यांना सरळ उधन्याच्या शाळेच्या मैदानावर आणून पहिल्या रांगेत बसवलं.

गजेंद्रला ते कळलं वॉर्मअपच्या वेळी. निळ्या साडीतली एक मुलगी, तिच्या शेजारी पांढरी टोपी, आणि टोपीशेजारी दोन्ही हातांनी खुणा करणारे मामा. त्याच क्षणी सरांनी त्याला बाजूला घेतलं.

"गजा, आज तुले गोल टाकाची गरज नाही. त्या सोलंकीच्या आंगावर राह्य. तो पाणी प्याले गेला तरी संग जाय."

सोलंकी म्हणजे हजिऱ्याच्या एका कंपनीच्या संघाचा कणा. सहा फूट चार इंच, आणि गोल टाकायचा सराव असा की न बघता टाकायचा. गजेंद्रने पहिल्या रांगेकडे पाहिलं. भावी सासरा पाहायला आलेला, आणि आज गोल टाकायचा नाही! पण सरांपुढे तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती.

तर पहिला हाफ गजेंद्र सोलंकीला चिकटला. पाय घासत, हात पसरून, त्याच्या कमरेवर डोळा ठेवून. सोलंकी उजवीकडे वळायच्या आत हा तिथे उभा. बॉल मागायला सोलंकीने हात वर केला की याचा हात मध्ये. दहा मिनिटांत सोलंकी घामाघूम झाला, पंधराव्या मिनिटाला आपल्याच माणसांवर खेकसायला लागला. हाफ टाइमला पांडेसरा चौतीस, हजिरा पंचवीस. सोलंकीचे चार. गजेंद्रचं भोपळ्याएवढं शून्य.

सर पहिल्यांदाच त्याच्या पाठीवर हात ठेवून गेले. त्या हाताने गजेंद्रचा ऊर खरोखर भरून आला होता, पण तो आनंद टिकला मिनिटभरच, कारण तेवढ्यात मामा दोरी ओलांडून आले.

"भाचा, काय करी राहिना तू? पाव्हणा इचारी राहिनात, यानी एक बी नही टाका? मी तीस सांगेल शे!"

"मामा, सरांनी सांगितलंय..."

"सर काय पोरगी देणार शे का तुले?"

हा युक्तिवाद गजेंद्रला लगेच पटला. खरं म्हणजे त्याला पटवून घ्यायचंच होतं. दोन नकारांची आठवण घेऊन मैदानात उतरलेला माणूस, आणि पहिल्या रांगेत निळी साडी. दुसरा हाफ सुरू झाल्या झाल्या त्याने सोलंकीला वाऱ्यावर सोडलं आणि बॉल मागितला. लांबून टाकला. पडला! पांढरी टोपी हलली. मामा उभे राहून टाळ्या वाजवत होते. मग गजेंद्र काही मागे वळून पाहीना.

मागे सोलंकी होता, मोकळा. त्याने टाकायला सुरुवात केली ती थांबेचना.

"अबे, तुहा मानूस कुठी हाय?" सर रेषेवरून ओरडत होते. त्यांनी याला केव्हाच बाहेर काढलं असतं, पण बदली खेळाडू निंबा पाच फाऊल होऊन बाद झाला होता आणि दुसऱ्या बदली खेळाडूचा घोटा सुजला होता. गजेंद्रला ऐकू येत होतं. कुणी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की आवाजात ऐकू आलं नाही, पण येत होतं. शेवटची शिटी वाजली तेव्हा हजिरा त्र्याहत्तर, पांडेसरा एकाहत्तर. कॅप्टन वाल्मिक टॉवेल डोक्यावर घेऊन जमिनीवर बसला. गेल्या चार महिन्यांत त्याने सकाळचा एकही सराव चुकवला नव्हता. सर गजेंद्रजवळ आले, त्याला वाटलं आता मार बसणार.

"पाव्हने आले ना घरी? जाय, उशीर होईन," एवढंच सर म्हणाले.

घरी वरण-बट्टीचा घमघमाट सुटला होता. आई सरलाबाई तूप वाढत होती आणि उखाआप्पा प्रसन्न होते. सतरा पॉइंट! पोरगं एवढं उड्या मारतं, अंगात दम आहे, असं ते बहिणीला सांगत होते. मामांच्या चेहऱ्यावर जणू लग्न लागून पंगती उठल्याचं समाधान होतं. सामना हरला हे कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. गजेंद्रने बट्टी कुस्करली आणि तो ती कुस्करतच राहिला. डोळ्यांपुढे वाल्मिकचा टॉवेल येत होता.

जेवणं झाल्यावर दोघांना बोलायला म्हणून स्वयंपाकघरात पाच मिनिटं दिली गेली. चंचल ओट्याला टेकून उभी होती. लाजणं वगैरे काही नाही. तिनेच सुरुवात केली.

"तुम्ही त्या उंच माणसाला सोडलंत का?"

गजेंद्रने हजार प्रश्नांची तयारी केली होती, पण हा त्यात नव्हता.

"तुम्हाला खेळ कळतो?"

"नाही. पण मी बालवाडीत चाळीस पोरं एका दारातून बाहेर पळू देत नाही, हात न लावता. तेवढं कळतं." ती जराही हसली नाही. "आधी तुम्ही छान अडवत होतात. तो अगदी रडकुंडीला आला होता. मी शेजारी बसलेल्या आत्याला म्हटलंसुद्धा, की हा सात नंबरच्या बनियनवालाच आपलं स्थळ असेल तर बरं. मग काय झालं?"

"तुम्ही लोक बघत होतात म्हणून..." गजेंद्र म्हणाला, आणि आपण काय बोलतोय हे त्यालाच ऐकू आलं.

"मी तर आधीपासूनच बघत होते," ती म्हणाली, आणि भांडी आवरायला वळली. होकार नाही, नकार नाही, काहीच नाही.

गजेंद्र बाहेरच्या खोलीत आला. मामांनी पेढ्यांचा पुडा सोडलेला होता. उखाआप्पा हातात पेढा धरून पुन्हा म्हणत होते, सतरा म्हणजे काही कमी नाही.

याच वेळी मुकाट्याने पेढा खाल्ला असता तर सगळं जमलेलं होतं. पण गजेंद्रला स्वतःची इतकी लाज वाटत होती की तोंडून निघूनच गेलं.

"आप्पा, सतरा माझे. पण त्याच हाफात समोरच्याने सव्वीस टाकले. ते मी सोडल्यामुळे. कप माझ्यामुळे गेला."

मामांनी पुड्यावर झाकण ठेवलं. आप्पांनी पेढा परत ताटलीत ठेवला आणि त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"मंग तुले टीममा ठेवतस कसाले?"

गजेंद्र मान खाली घालून उभा राहिला. तिसरा नकार आला, एवढं त्याने मनातल्या मनात धरून टाकलं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात चंचल येऊन उभी राहिली, हात ओलेच.

"आप्पा, पहिला हाफमा यास्नी त्याले चारच टाकू दिधात," ती बापाला म्हणाली. "मी मोजेल शे."