गच्चीवरचं धरण

फ्लुइड मेकॅनिक्समध्ये नापास झालेल्यांचा वर्ग घ्यायला कुणीच तयार नव्हतं. विभागप्रमुखांनी तो नव्या बाईंच्या गळ्यात मारला आणि वर सल्लाही दिला, "फार मनाला लावून घेऊ नका. नुसते दगड आहेत."

बाईंनी ते मनाला लावून घेतलंच. पहिल्या तासाला पुस्तक मिटून त्यांनी फळ्यावर डोंगर काढला. वर तलाव, खाली तलाव, मधे पाइप. "वीज उरते तेव्हा पाणी वर चढवायचं. मागणी वाढली की खाली सोडून वीज करायची. शंभर युनिट घातले तर परत किती येतील?"

"शंभर," मागच्या बाकावरून आवाज आला.

"करून बघू."

एक पिंप गच्चीवर चढलं, दुसरं खाली अंगणात बसलं. भंगारातून छोटं टर्बाइन मिळालं. बागेचा पंप बाईंनी घरून उचलला तेव्हा नवऱ्याने विचारलं, "आणि झाडांना पाणी?"

"तुम्ही घाला. बादलीनं."

पाण्याचं वजन, उंची, पंपाने खाल्लेली वीज, सगळं मुलांनीच मोजलं. शंभरातले जेमतेम सात परत आले. वर्ग खो खो हसला. जाता जाता विभागप्रमुख म्हणाले, "बाई, तुमच्या धरणाचं दिवाळं निघालं."

बाईंचे कान तापले, पण त्यांनी पसारा आवरला नाही. "सात आले. बाकीचे गेले कुठे? ते सापडेपर्यंत धडा पुढे सरकणार नाही."

मग शोध सुरू झाला. थोडे पंपात गेले, थोडे टर्बाइनमध्ये. तरी हिशेब जुळेना. वर्गात कधी तोंड न उघडणारा, सगळे ज्याला मौनीबाबा म्हणत, तो खडू घेऊन उठला.

"पाइप बारीक आहे. दुप्पट रुंद घेतला, तर तेवढ्याच प्रवाहाला घर्षण बत्तीस पटीनं कमी होईल."

"काहीही काय," कुणीतरी म्हणालं.

त्याने पुसून पुन्हा मांडलं. बत्तीसच आले. बाईंनी आकडेमोड तपासली आणि म्हणाल्या, "चला, पाइप बदलू."

या खेपेला एकोणीस परत आले. "एवढेच?" मागच्या बाकावरचा कुरकुरला, आणि मग वळणांवर किती वाया जातं यावरून स्वतःच मौनीबाबाशी भांडत बसला. बाई बाजूला उभ्या राहून ऐकत होत्या.

परीक्षेत दोघं सोडून सगळे सुटले. बाईंनी विभागप्रमुखांकडे जाऊन पुढच्या वर्षीही हाच वर्ग मागून घेतला. त्या दोघांना मात्र सुट्टी मिळाली नाही. दुसऱ्याच दिवशी बाईंनी त्यांना गच्चीवर बोलावलं.