पहिल्या धारेची बाटली

सन १९५३ च्या कार्तिक मासी हैदराबादेहून व्यंकटराव नामक रसायनज्ञ आमच्या भट्टीवर आले. आमची भट्टी पिंगळी स्थानकापासून दोन कोसांवर असून, तांब्याच्या देगीत रोशा गवत उकळून त्याचे सुगंधी तेल काढणे हा माझा व्यवसाय होय. माझे शिक्षण चौथीपर्यंतच झाले. तथापि त्यांचे बोलणे मी एकाग्र चित्ताने ऐकले.

वनस्पतीचा सुवास हा अनेक पदार्थांचा मेळ असून प्रत्येकास स्वतंत्र नाव असते, असे ते म्हणाले. रोशाला गुलाबासारखा वास ज्यामुळे येतो, त्या पदार्थास जिरॅनिऑल म्हणतात. ते नाव एका परदेशी फुलावरून पडले.

“बैल काय नाव वाचून गवत खातेत व्हय?” जाळ सारीत माझी पत्नी सारजा म्हणाली.

व्यंकटराव हसले. “बाई, नाव नसलेला पदार्थ सापडला तर शोधणारा त्याला नाव देतो. तुमच्या तेलात तसा निघाला, तर मी नाव तुम्हालाच विचारीन.”

सारजेच्या हातातील लाकूड हातातच राहिले.

त्याचे कारण असे. आमची कन्या त्याच वर्षी श्रावणात, जन्मापासून नवव्या दिवशी वारली. बारसे बाराव्या दिवशी होते, व तोवर नाव उच्चारू नये असा आमच्या घरचा रिवाज आहे. सारजेने नाव मनात योजिले होते; ते मजलाही ठाऊक नव्हते.

पहिल्या धारेच्या, म्हणजे मोसमात प्रथम निघालेल्या, तेलाची बाटली आम्ही पिंगळीहून रेल्वेने रवाना केली. महिन्याने पत्र आले. तेलात एक अनपेक्षित पदार्थ दिसतो, परंतु तो ओळखण्यापुरते तेल उरले नाही, सबब दुसरी बाटली धाडावी, असा मजकूर होता.

“आता नाव सांग,” मी म्हणालो. “लिवून ठिवतो.”

“पहिलं ते नवं हाय का, ठरू तर द्या. मंग सांगते.”

त्या दिवशी कित्येक महिन्यांनी तिने वेणी घातली.

दुसरी बाटली मी भरीत असता ती जवळ आली. तिच्या तळहातावर कापराची वडी होती. पहिली धार निघाली की देगीपुढे कापूर जाळण्याची आमची पद्धत आहे.

“अवो, ही टाकायची राहिली की. ती बाटली परमुलखात जायलीती, तिथं कापूर कोन जाळनार? म्हून म्या आतच टाकली व्हती.”

मी तेल भरणे थांबविले. अनपेक्षित पदार्थ म्हणजे तो कापूर होय, हे मी तिला समजावून सांगितले. तिने वडी बाटलीच्या तोंडाशी नेली.

“मंग आताबी टाकू. त्यायला काय कळायलंय?”

“कळंल. कापराला नाव हाय, सारजे.”

“एक बार तरी कुनी लिवलं असतं तिचं नाव.”

मी बूच घट्ट बसविले, व सोबतच्या चिठ्ठीत कापराची हकीकत लिहिली. तेलात नवीन काही नाही, असे उत्तर फाल्गुनात आले. खाली माझ्या प्रामाणिकपणाबद्दल आभार मानलेले होते. ती ओळ मी तिला वाचून दाखविली नाही.

पुढे तीन वेळा मी तिला नाव विचारले. प्रत्येक वेळी ती इतकेच म्हणाली, “बाराव्या दिवशी सांगायचं असतंय ते.”

मोसमाच्या पहिल्या धारेला कापूर आता मीच जाळतो. सारजा त्या दिवशी भट्टीकडे येत नाही.