चिंचोक्याच्या खळीचं पॅकिंग

तेराव्याचं जेवण उरकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मायाप्पा भवानी पेठेतल्या मोटारदुरुस्तीच्या शेडवर हजर झाला. बायको गेल्यापासून त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. शेजारणींनी आधी कौतुक केलं, मग कुजबुज सुरू केली. लोकांचं काय, रडला तर बायल्या, नाही रडला तर दगड! मायाप्पाला दोन्हींचं काही वाटत नव्हतं. भाकरी पुढं आली की तो खायचा आणि उजाडलं की उठायचा.

शेडच्या कोपऱ्यात तीच मोटार उभी होती. मंगळवेढा-सोलापूर रस्त्यावर दहा वर्षं उतारू वाहून खिळखिळी झालेली. त्याची बायको केराबाई मंगळवेढ्याला भावाकडं गेली होती. तिथं पोटात कळा सुरू झाल्या म्हणून भाऊ धुळाप्पा तिला ह्याच मोटारीतून सोलापूरच्या दवाखान्यात आणत होता. वाटेत कामती गावाच्या अलीकडं इंजिनातलं तेल गळून संपलं. धुळाप्पा तेलासाठी कामतीपर्यंत पळत गेला, पळत आला. त्यात तीन तास गेले, आणि केराबाई दवाखान्याच्या दारात संपली.

तिथंच धुळाप्पानं ड्रायव्हर मानसिंगला पायताणानं मारलं. तेल न बघता गाडी काढलीस, म्हणून. मानसिंगनं मूग गिळून मार खाल्ला. तेव्हापासून सगळी पेठ त्याच्या नावानं खडे फोडत होती, आणि मोटारीचा मालक आता त्याला कामावरून काढणार होता.

"ही गाडी ऱ्हाऊ दे, सिद्धाप्पा मिस्त्री बघंल," शेडचे मालक महादेवप्पा म्हणाले. "तू दुसरी घे."

"मीच बघतो, मालक."

त्याला बघायचंच होतं. चैत्रात ह्या इंजिनाची तिन्ही झाकणं त्यानंच बसवली होती. झाकण आणि इंजिन यांच्या मध्ये बुचाचं पॅकिंग लागतं, ते तेव्हा सोलापुरात कुठं मिळेना. मायाप्पा पडला धनगराचा पोर. घोंगड्याच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात आणि वाळल्यावर ती कशी कडक होते, हे त्यानं जन्मापासून पाहिलेलं. त्यानं जाड पुठ्ठा कापला, दोन्ही अंगांनी खळ माखली आणि बोल्ट आवळले. त्याआधी खळीचा तुकडा आठ दिवस तेलात बुडवून ठेवला होता. तुकडा ढिम्म हलला नाही. पाण्यात बुडवून बघावं हे मात्र त्या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. तेलाच्या झाकणाचा पाण्याशी काय संबंध! गळती थांबली, पेठेनं पाठ थोपटली आणि गडी चार दिवस हवेत चालला.

आता त्यानं पाना घेतला. वरचं झाकण निघता निघेना. छिन्नी घालून उचकटावं लागलं. आत खळ दगडासारखी. बाजूचं झाकणही तसंच कोरडं. तिसरं पुढचं, पंख्यामागचं. त्याच्यावर रेडिएटरच्या नळीतून थेंब थेंब पाणी गळत होतं. किती दिवस, कोण जाणे.

बोल्ट ढिले करताच झाकण हातात आलं. पॅकिंगचा खालचा अर्धा भाग राहिलाच नव्हता. उरला होता तो तपकिरी, बुळबुळीत लगदा. मायाप्पानं तो बोटावर घेतला. आपल्यामुळं केरा मेली, हे त्याला समजलं. समजलं, पण आत काही हललं नाही, आणि त्याचीच त्याला भीती वाटली.

लगदा चिंधीला पुसला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. त्यानं तो पुसला नाही. मानसिंग शेडच्या पायरीवर बसला होता. मायाप्पानं त्याच्यापुढं जाऊन बोट धरलं.

"मानसिंग, तुजी चूक न्हवती. ही माजी खळ हाय."

मानसिंगनं वर बघितलंच नाही. "मला ठावं हाय."

"कवापास्नं?"

"धुळाप्पा तेलाला गेला, तवाच. खाली बोट घातलं तर हे असं हाताला आलं. मला काय उमजंना, वयनींस्नी दावलं. त्येंनी वळखलं. म्हनल्या, मीच शिजवली हुती की चुलीवर."

मायाप्पा खाली बसला.

"मग म्हनल्या," मानसिंग म्हणाला, "ह्यास्नी सांगू नगा. लई मनाला लावून घेत्यात."

मग मायाप्पा उठला. त्यानं नवी बुचाची पॅकिंगं बसवली, नळी बदलली, तेल भरलं. एकेक बोल्ट दोन दोनदा तपासला. दुपारी हँडल मारून इंजिन सुरू केलं, मानसिंगला चाकावर बसवलं आणि स्वतः त्याच्या शेजारी बसला.

"चल मंगळवेढ्याला. धुळाप्पाला सांगू."

"अरं, वयनी नगं म्हनल्या हुत्या की."

"मला सांगू नगं म्हनली ती," मायाप्पा म्हणाला. "धुळाप्पाला सांगू नगं, आसं न्हाय म्हनली."

एवढं बोलला आणि त्याला हुंदका आला. मग तो थांबेचना. मानसिंगनं गाडी तशीच रस्त्याला काढली.