पाव इंच माया

मित्रांनो, जगातल्या सगळ्या टेपा शून्यापासून सुरू होतात. मी एकापासून सुरू होते. मी एक जुनी शिवणकामाची टेप आहे. रंगाने पिवळी, वरच्या कडेला इंच, खालच्या कडेला सेंटीमीटर. जन्मले तेव्हा पुरती साठ इंच होते, आता एकोणसाठ आहे. त्या गेलेल्या एका इंचाची ही गोष्ट, आणि ती मी मान ताठ ठेवून सांगणार आहे.

कारखान्यात आम्ही सगळ्या बहिणी एकाच लांबलचक पट्ट्यातून निघालो. यंत्राने अंगावर आकडे उमटवले, कात्रीने आम्हाला वेगळं केलं आणि दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या चढवल्या. त्या टोप्यांचा मला भारी तोरा होता. दुकानात मी गुंडाळी होऊन काचेमागे बसले होते तेव्हा एक बाई आल्या. त्यांनी मला उलगडलं, खेचून पाहिलं, दुसऱ्या टेपेशी ताडून पाहिलं आणि म्हणाल्या, "ही ताणली तरी वाढत नाही. ही द्या." मित्रांनो, इतकी नेमकी शाबासकी मला पुन्हा कुणी दिली नाही.

बाईंचं दुकान म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. खिडकीशी शिवणयंत्र, भिंतीशी कापायचं टेबल, कोपऱ्यात इस्त्री. माझी जागा बाईंच्या गळ्यात. तिथून मी सगळं जग मोजलं. वाकलेल्या पाठी, एक वर आणि एक खाली असे खांदे, श्वास आत ओढून धरलेली पोटं. पोट आत घेतलेल्या गिऱ्हाईकाला बाई काहीच म्हणत नसत. हवापाण्याच्या गप्पा काढत, त्याचा श्वास सुटेपर्यंत थांबत आणि मग माप घेत.

आणि माया सोडत. शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात ना, पुढे कपडा सैल करता यावा म्हणून, त्याला शिवणकामात माया म्हणतात. बाई म्हणायच्या की माणूस आज आहे तेवढाच उद्या राहत नाही, त्याला आतून थोडी जागा ठेवावी. त्यांनी शिवलेले कोट लोक पंधरा-पंधरा वर्षं वापरायचे.

माझा पहिला इंच गेला तो बाईंच्या भाचीमुळे. ती तेव्हा सात वर्षांची होती. बाहुलीच्या झग्याला कडक घडी हवी म्हणून तिने तापलेली इस्त्री झग्यावर ठेवली. झग्याखाली मी होते. वास सुटला, टोपी गळून पडली आणि माझा पहिला इंच वितळून इस्त्रीला चिकटला. भाचीने भोकाड पसरलं. बाईंनी कात्री घेतली, मला बरोबर एकाच्या रेघेवर सरळ कापलं आणि म्हणाल्या, "रडू नकोस. ही आता एकापासून सुरू होते, एवढं आपण लक्षात ठेवायचं. झालं."

त्या दिवसापासून बाई माझं टोक धरायच्या, आकडा वाचायच्या आणि मनातल्या मनात एक वजा करायच्या. नवी टेप आणायचं त्यांच्या मनातही आलं नाही. वीस वर्षांत एक बाही चुकली नाही.

काम संपलं की मी पत्र्याच्या डब्यात झोपायची. कधीकाळी त्यात बिस्किटं होती, मग सुया, रिळं, बटणं आणि मी आलो. त्या डब्याच्या झाकणावर एक चित्र होतं. युरोपातलं एक बंदराचं शहर, एकमेकांना खेटून उभी असलेली उंच घरं, होड्या, आणि समुद्रात दूरवर गेलेला एक दगडी बांध. बांधाच्या टोकाला पांढरं दीपगृह. दीपगृहाच्या पायथ्याशी काळा कोट घातलेला एक बुटका माणूस आमच्याकडे पाठ करून बसलेला. माझ्या घराचं छतच होतं ते, म्हणा ना. बाई झाकण लावताना रोज त्या माणसाकडे बघायच्या आणि रोज म्हणायच्या, "ह्याचा कोट खांद्यात बसत नाही. जावं एकदा आणि नीट करून द्यावा." सगळे हसायचे. मला मात्र ठाऊक होतं की त्यातला कोट गमतीचा असला तरी जावं हे खरं होतं.

मग बाईंचा गुडघा गेला. यंत्राचं पायडल मारवेना. डॉक्टरांनी सांगितलं की चाला, पण थोडं चाला आणि बसा. दुकान बंद झालं. मी चार वर्षं डब्यात अंधारात पडून राहिले. मित्रांनो, आपला उपयोग संपला असं वाटणं फार वाईट. माझी गुंडाळी इतकी घट्ट बसली की मी सरळ व्हायचंच विसरले.

एका रविवारी झाकण उघडलं. पण सुईसाठी नाही. भाचीने डबा उलटा केला आणि बुडाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं शहराचं नाव वाचलं. आता ती मोठी झाली होती, नोकरी करत होती, आणि तिला पहिली मोठी रजा मिळाली होती. तिने जाहीर केलं की मावशीला आणि काकांना घेऊन ती चार दिवस त्या शहरात जाणार. बाई म्हणाल्या, काहीतरीच काय. पण उठून त्यांनी झाकण फडक्याने पुसलं. दोनदा.

काका म्हणजे बाईंचे यजमान. त्यांनी चाळीस वर्षं बस आगारात वेळापत्रकं केली होती. निवृत्त झाल्यापासून त्यांना आखायला काही उरलं नव्हतं, म्हणून ते घरातला चहासुद्धा सहा बावीसला करायचे. प्रवासाचं ऐकताच त्यांनी पट्टी आणि पेन्सिल काढली. भाचीने फोनवर विमानं शोधली. एक स्वस्त होतं, पण मधल्या विमानतळावर विमान बदलायला पंचावन्नच मिनिटं होती. काकांना ते पसंत होतं, मिनिट वाया जात नव्हतं. बाईंनी विचारलं, "ह्यात माया कुठे आहे?" काकांनी पेन्सिल खाली ठेवली. मग तीन तासांच्या मुक्कामाचं विमान घेतलं, पाय लांब करता यावा म्हणून बाईंना कडेची जागा घेतली, आणि संग्रहालयं सोमवारी बंद म्हणून सोमवार टाळला.

आता फिरायचं कसं, हा प्रश्न होता. फोन म्हणे, चर्चपासून मासळीबाजार बारा मिनिटं. बाई म्हणाल्या, "बारा मिनिटं, पण कुणाच्या पायांनी?" मग त्यांनी एक युक्ती काढली. भाचीला त्यांनी आपल्या गावाचा आणि त्या शहराचा नकाशा एकाच प्रमाणात छापून आणायला सांगितला. घरातून निघून गुडघा बोलेपर्यंत त्या चालत गेल्या. पाण्याच्या टाकीपाशी गुडघा बोलला. घरी येऊन त्यांनी मला डब्यातून काढलं आणि नकाशावरच्या त्या रस्त्यावर मला कडेवर उभं केलं. काखेजवळचा गोल मोजताना टेप अशीच उभी धरतात, मग ती प्रत्येक वळण घेते. स्टीलच्या टेपेला हे जमत नाही. आकडा आला साडेतीन, मनातल्या मनात वजा एक, अडीच. बाई म्हणाल्या, "माझा गुडघा अडीच इंचांचा आहे. दर अडीच इंचाला मला बसायला जागा हवी."

चार वर्षांनी मी पुन्हा माप घेतलं होतं, मित्रांनो. माझी गुंडाळी कुठल्या कुठे पळाली.

पुढची मापं काकांनी घेतली. भाची तिच्या गावी परतली होती आणि बाई दुपारच्या झोपल्या होत्या. काकांनी मला शहराच्या नकाशावर उभं केलं, नदीकाठ मोजला, चढणीचा जिना मोजला, बाजार मोजला. ट्रामच्या शेवटच्या थांब्यापासून बांधावरून दीपगृहापर्यंत मोजलं. आकडा वाचला सव्वातीन. आणि काकांनी एक वजा केला नाही.

त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी हातात घेतलं नव्हतं. बांधावर एकही बाक नाही, हे भाचीने फोटो पाहून सांगितलेलं होतं. अडीच इंचांच्या गुडघ्याला सव्वातीन झेपणार नव्हते. मग काकांनी लाल पेन्सिलीने आखणीच्या कागदावरचं दीपगृह खोडलं आणि तिथे लिहिलं, जहाजांचं संग्रहालय, आत खुर्च्या आहेत.

संध्याकाळी बाईंनी कागद वाचला. त्या लाल रेघेवर त्यांचं बोट थांबलं. काका खाली मान घालून म्हणाले की तिकडे दुसरंही पाहण्यासारखं खूप आहे. बाई म्हणाल्या, "असू दे. झाकणावर आहेच की तो." आणि त्यांनी झाकण लावलं. त्या दिवशी त्या माणसाच्या कोटाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

मला जीभ असती तर मी ओरडले असते. चूक काकांची नव्हती, माझ्या नसलेल्या इंचाची होती. आयुष्यभर ज्या बाईंचं एक माप चुकू दिलं नाही, त्यांचं सगळ्यात मोठं माप माझ्यामुळे चुकत होतं, आणि मी डब्यात बटणांवर पडून होते.

पुढच्या आठवड्यात बाईंनी यंत्र उघडलं. चाकांची मोठी बॅग दगडी रस्त्यांवर ओढायला नको, म्हणून विमानात सीटखाली मावेल अशी पिशवी त्या स्वतः शिवणार होत्या. चाळीस, तीस, वीस सेंटीमीटर, याहून मोठी चालणार नाही, असा विमानवाल्यांचा नियम होता. गुडघ्याला विश्रांती देत देत त्यांनी चार दिवसांत जाड कापडाची पिशवी शिवली. आतून पट्ट्या, बाहेरून खिसे, काय देखणी झाली होती. काकांनी ती टेबलावर ठेवली आणि तपासणीसाच्या थाटात मला हातात घेतलं.

"साडेबेचाळीस," ते म्हणाले. "अगं, अडीच जास्त आहे." मग दुसरी बाजू मोजली, साडेबत्तीस. तिसरी साडेबावीस. "तिन्हीकडे बरोब्बर अडीचच. चुकलीस तीसुद्धा टापटिपीने."

"माप माझं चुकत नाही," बाई म्हणाल्या.

"मग काय टेप खोटं बोलते?"

बाई हसणार होत्या, पण मधेच थांबल्या. त्यांनी काकांच्या हाताकडे पाहिलं.

"अहो, टेप कुठून धरलीत?"

"टोकापासून. टेप आणखी कुठून धरतात?"

"ती एकापासून सुरू होते," बाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "तो बांध तुम्ही कशाने मोजलात?"

काकांनी माझं कापलेलं टोक चष्म्याजवळ नेलं आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. उठले, नकाशा आणला, टेबलावर पसरला. बाईंनी माझं एक टोक धरलं. ट्रामचा थांबा, वळण, बांध, दीपगृह.

"सव्वातीन," काका म्हणाले. "वजा एक. सव्वादोन."

"आणि माझा गुडघा अडीच."

"पाव इंच उरतो."

"उरत नाही," बाई म्हणाल्या. "त्याला माया म्हणतात. पाव इंचात मी भल्याभल्यांना सामावून घेतलंय."

काकांना परतीची काळजी होती. तिथे बसायला नसेल तर? बाईंनी झाकणावर बोट ठेवलं. तो माणूस बसलेला आहे ना? काका म्हणाले, तो चित्रातला आहे. बाई म्हणाल्या, चित्रातला असला तरी कशावर तरी बसलाच आहे.

मग काकांनी सगळी मापं पुन्हा घेतली, आणि मित्रांनो, ते सबंध शहर आमच्या टेबलावर एकेक इंचाने जवळ आलं. जहाजांचं संग्रहालय खोडलं. तिथे त्या वेळापत्रकवाल्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदाच वेळ न घालता लिहिलं, दीपगृह, लागेल तेवढा वेळ.

विमानतळावर पिशवी मापाच्या चौकटीत घातली तेव्हा ती अलगद आत बसली. भाचीने टाळी वाजवली. बाईंनी नुसती भुवई उचलली. कात्री घरी ठेवावी लागली होती, सुयाही. मी मात्र बाईंनी स्वतः शिवलेल्या काळ्या कोटाखाली त्यांच्या गळ्यात होते. शिवणकामाच्या सामानापैकी समुद्र ओलांडणारी मी एकटीच.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बांधावर आलो. वारा असा की भाचीचे केस सरळ आडवे. बाई सावकाश निघाल्या. अर्ध्यात गुडघा कुरकुरला. त्या उभ्या राहिल्या, कोटात हात घालून त्यांनी मला मुठीत धरलं. काकांनी मनगटाकडे पाहिलं, मग घड्याळ काढून खिशात टाकलं. बाई पुन्हा निघाल्या.

टोकाला दीपगृह होतं, अगदी पांढरं. बाक नव्हता. आणि तो माणूसही नव्हता. तो बसलेला असायचा तिथे जहाजाचा दोर बांधायचा एक जाड, काळा, लोखंडी खुंट होता. वर रुंद, खाली बारीक, पाठीत किंचित वाकलेला.

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग इतक्या हसल्या की त्यांना काकांचा खांदा धरावा लागला. "तरीच," त्या म्हणाल्या. "तरीच कोट खांद्यात बसत नव्हता."

आणि बाई त्या खुंटावर बसल्या, समुद्राकडे तोंड करून. गुडघ्याला पुरेल तेवढा वेळ, आणि मग त्याहून जास्त. भाचीने लांबून फोटो काढला. त्यात झाकणावरच्यासारखंच सगळं आहे. फक्त काळा कोट खांद्यात चोख बसलेला आहे.

परत आल्यावर भाचीने माझ्यासाठी, म्हणजे माझ्या जागी, नवी टेप आणली. पूर्ण साठ इंच, दोन्हीकडे टोप्या. बाईंनी तिचं कौतुक केलं आणि ती काकांच्या खणात ठेवली. मी माझ्या डब्यात आहे, माझ्या छताखाली. काका अधूनमधून मला काढतात, काहीतरी मोजतात आणि मोठ्याने म्हणतात, "वजा एक."

मित्रांनो, एक मागणं आहे. घरातली जुनी वस्तू हातात घ्याल तेव्हा ती मोडकी म्हणून टाकू नका, आणि धडधाकट समजून नेहमीसारखी वापरूही नका. आधी तिच्याजवळ ज्याने आयुष्य काढलं त्याला विचारा की ही कुठून सुरू होते. माणसांच्या बाबतीतही हेच करा. आणि काहीही आखाल, कापाल, शिवाल तेव्हा पाव इंच माया सोडा. तेवढ्यात एक अख्खं दीपगृह मावतं. मी स्वतः मोजलेलं आहे.